आमेन होईपर्यंत

आमच्या हॉलच्या कोपऱ्यात विसरलेल्या छत्र्या साठतात. कुठली कुणाची ते सगळ्यांना ठाऊक असतं, पण "ही माझी" म्हणून उचलायला कुणी पुढे येत नाही. मंडळीतल्या किश्शांचं तसंच आहे. गेल्या नाताळापासून इतके साठलेत, की आता कुणीतरी ते उचलायलाच हवेत. मी उचलते. मी फारशी बोलत नाही अशी माझी ख्याती आहे, तेव्हा माझ्यावर कुणाला संशय यायचा नाही.

निदान सुरुवातीला तरी आला नव्हता!

आधी आमची रीत सांगते, म्हणजे पुढचं कळेल. आम्ही मराठी ख्रिस्ती. एका चर्चचे सगळे लोक मिळून आमची 'मंडळी'. मुलुंडला एका प्राथमिक शाळेचा हॉल आम्हाला रविवारपुरता मिळतो. मोठ्यांची उपासना व्हायच्या आधी तिथे मुलांची शब्बाथशाळा भरते. शिवाय रोज दिवेलागणीला घरोघरी प्रार्थना. ही प्रार्थना छापील नसते. ज्याची पाळी असेल त्यानं डोळे मिटायचे आणि मनात येईल ते देवाला मोठ्यानं सांगायचं. नियम एकच. आमेन होईपर्यंत मध्ये कुणी बोलायचं नाही. सांगणारा काहीही सांगो!

हा नियम ज्यानं केला त्याला सासू-सुना ठाऊक नसाव्यात. किंवा चांगल्याच ठाऊक असाव्यात.

लग्न होऊन मी नगरहून मुलुंडला आले, त्याच आठवड्यातली गोष्ट. सासूबाईंनी डोक्यावर पदर घेतला, डोळे मिटले आणि खणखणीत आवाजात सुरुवात केली, "हे दयाळू बापा, आमच्या घरात नवीन आलेल्या तुझ्या लेकीला आमटीत मीठ किती घालावं याचं ज्ञान दे. आणि ते लवकर दे."

"आमेन!" हे म्हणाले. इतक्या जोरात, की शेजारच्या खोलीतलं तान्हं दचकून रडायला लागलं.

माझी पाळी आली. मी म्हटलं, "मी मनातल्या मनात करते."

झालं! त्या दिवसापासून सासूबाईंचा माझ्यावरचा संशय सुरू झाला.

"मोठ्यानं मागता येणार नाही असं काय मागते रे ही?" त्यांनी ह्यांना विचारलं. मी तिथेच भाकऱ्या थापत होते.

"मीठ मागत असेल," हे म्हणाले.

सासूबाई हसल्या नाहीत. कारण मी काय मागते ते त्यांच्या मते उघड होतं. ह्यांच्या कारखान्याची चेंबूरला नवी वसाहत होते आहे. तिथे क्वार्टर मिळेल असं साहेब बोलले होते. एक खोली आणि स्वयंपाकघर. सासूबाई मुलुंडला वीस-पंचवीस वर्षं राहिलेल्या. मामंजींची कबर इथे, ओळखीपाळखी इथे, हॉलमधलं पुढचं बाक इथे. सुनेला वेगळं बिऱ्हाड हवंय आणि ती ते रोज संध्याकाळी त्यांच्या शेजारी बसून, त्यांच्याच चटईवर, मुकाट्यानं देवाकडे मागते आहे, हे त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

त्यातून माझं नाव आडवं आलं. आमच्या शास्त्रात, म्हणजे बायबलात, एक सून आहे. नवरा वारल्यावरही ती सासूला सोडून गेली नाही. माझ्या वडिलांनी तिचं नाव मला ठेवलं. सासूबाईंनी मुलगी पाहिली नव्हती, फोटो पाहिला नव्हता. नाव ऐकलं आणि होकार कळवला!

आता शेजारणीला सांगतात, "नावावर जाऊ नये बाई."

*

तुम्हाला वाटेल, प्रार्थनेतून टोमणे मारणं ही आमच्याच घरची खोड. छे! भगिनी मंडळात येऊन बघा.

दर बुधवारी दुपारी बायका जमतात. मार्थाबाई म्हणून आहेत, सासूबाईंच्या जुन्या मैत्रीण आणि त्याहून जुन्या वैरीण. एका बुधवारी त्यांनी डोळे मिटले. "प्रभू, आमच्यातल्या काही भगिनी पुढचं बाक स्वतःच्या नावावर असल्यासारखं धरून बसतात. त्यांना नम्रता दे. आमेन."

सगळ्या म्हणाल्या, "आमेन."

सासूबाईंनी एका क्षणाचाही खंड पडू दिला नाही. "प्रभू, काही भगिनी अर्धा उपदेश झाल्यावर येतात आणि मग पुढचं बाक शोधतात. त्यांना घड्याळ दे. आमेन."

सगळ्या पुन्हा म्हणाल्या, "आमेन." या वेळी जरा जास्त मनापासून.

नंतर दोघी एकमेकींचा हात धरून गेटपर्यंत गेल्या. प्रार्थनेत झालेलं भांडण रस्त्यावर आणायचं नाही, हाही नियमच.

*

तर अशा या मंडळीत पाळकसाहेबांच्या, म्हणजे आमच्या धर्मगुरूंच्या, डोक्यात एक योजना आली.

त्यांचं म्हणणं असं, की मुलं रविवारी शास्त्रातलं 'सोनेरी वचन' पाठ म्हणतात, बक्षीस म्हणून रंगीत चित्राचं कार्ड मिळवतात आणि घरी जाऊन धाकट्या भावाच्या डोक्यात तेच कार्ड घालतात. "शिकलेलं सगळं घराच्या उंबऱ्यापाशी अडकतं," ते म्हणाले. "ते आत गेलं पाहिजे."

म्हणून रविवारच्या धड्यातली एक गोष्ट मुलांनी आठवडाभर घरात करायची. शनिवारी संध्याकाळी वर्गाच्या बाईंनी एकेका घरी जायचं, आणि त्या दिवशीची प्रार्थना त्या घरच्या मुलानं करायची.

बाई म्हणून त्यांनी मला निवडलं. कारणही सगळ्यांसमोर सांगितलं. "सूनबाई बोलत नाहीत. या घरचं त्या घरी जायचं नाही."

मागून आवाज आला, "बोलत नाही तो माणूस ऐकत असतो, साहेब!"

हे दौलतराव. मंडळीचे पंच. दारूबंदी सरकारनं आणली असली तरी मुलुंडमध्ये ती आपणच सांभाळतो अशा थाटात दर महिन्याला त्यावर भाषण करणारे.

सासूबाई ताडकन उठल्या. मला वाटलं, माझी बाजू घेतात. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे पंचांचं! म्हणून मी जाईन हिच्याबरोबर."

*

पहिला धडा होता, आईबापांचा मान राखावा. मी मुलांना सांगितलं, घरातलं एक काम कुणी न सांगता करायचं, आणि केल्यावर बोलून दाखवायचं नाही.

सोपं वाटतं ना?

मार्थाबाईंचा धाकटा वसंत सोमवारी शाळेतून आला. दप्तर ठेवलं, केरसुणी घेतली आणि सगळी खोली झाडली. मार्थाबाई दारात उभ्या राहून बघत होत्या.

"काय फोडलंस?"

"काही नाही."

"आधी काय फोडलंस ते सांग!"

वसंत गप्प. बोलून दाखवायचं नाही असं बाईंनी सांगितलेलं! मार्थाबाईंनी फळीवरच्या कपबश्या खाली काढल्या. सगळ्या धड. आरसा बघितला. घड्याळ कानाला लावलं. शेजारणीला बोलावून तिच्याही खिडकीच्या काचा तपासून घेतल्या. काहीच फुटलेलं नाही म्हटल्यावर त्या खऱ्या घाबरल्या. पोराच्या कपाळाला हात लावला. ते काम करून तापलेलं होतंच.

रविवारी वसंत वर्गात आला तो उतरल्या चेहऱ्यानं. म्हणाला, "बाई, पुढच्या वेळी सोपी आज्ञा द्या. ही पाळली की एरंडेल पाजतात."

मी तोंडाला पदर लावला. घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "मार्थाचं काही चुकलं नाही हो. न सांगता काम करणारं माणूस घरात असलं, की बघावंच लागतं त्याच्या मनात काय आहे ते."

त्या दिवशी सकाळी मी न सांगता पाणी भरून ठेवलं होतं.

*

दुसरा धडा, शेजाऱ्यावर प्रीती. काम दिलं, शेजारी काहीतरी नेऊन द्या.

आमच्या वर्गातला जॉनी ज्या चाळीत राहतो तिथे शेजारी जोशीकाकू. त्यानं आईच्या मागे लागून वाटीभर खीर नेऊन दिली. काकूंनी वाटीकडे पाहिलं, जॉनीकडे पाहिलं.

"आज कसला सण तुमचा?"

"सण नाही. शब्बाथशाळेत सांगितलंय."

काकूंच्या मनात पाल चुकचुकली. शाळेत सांगितलंय म्हणजे यामागे कुणीतरी आहे! आज खीर, उद्या पुस्तक, परवा पाण्याचा शिंतोडा. खीर काही त्यांनी घरात नेली नाही. पण वाटी रिकामी परत कशी करायची? जोशी असोत नाहीतर जॉन, रिकामी वाटी मुलुंडमध्ये कुणी परत करत नाही. त्यांनी दुसऱ्या दिवशी वाटीत दोन लाडू घालून दिले.

आता जॉनीच्या आईला संशय आला. काल चतुर्थी होती. हे लाडू नैवेद्याचे तर नसतील? तिनं लाडू वेगळे ठेवले. पण वाटी रिकामी कशी परत करायची? तिनं शिरा केला.

असं आठवडाभर चाललं. दोन्ही बायका एकमेकींचं काही खात नव्हत्या आणि वाटी काही थांबत नव्हती. शनिवारी आम्ही त्या घरी गेलो तेव्हा जॉनीची आई रडकुंडीला आली होती. "बाई, हे शेजारप्रेम आता बंद करायला सांगा. माझा रवा संपला!"

"मग आलेलं सगळं टाकलंत?" सासूबाईंनी विचारलं. अन्न टाकलेलं त्यांना खपत नाही.

"मी कशाला टाकू? जॉनीकडे द्यायची. म्हटलं, कुणा गरिबाला देऊन ये."

"आणि जोशीकाकू काय करायच्या?"

"त्याही त्याच्याचकडे द्यायच्या म्हणे. गाईला घाल म्हणून."

सगळ्यांनी जॉनीकडे पाहिलं. आठवड्यात पोरगं चांगलंच भरलं होतं.

"मी खोटं नाही बोललो," जॉनी म्हणाला. "दोन्हीकडे फक्त 'छान होतं' एवढंच सांगितलं."

*

मग दौलतरावांच्या घरची पाळी आली. आणि वाट लागली!

त्यांची मुलगी बेबी. वय असेल आठ-नऊ. माझ्या वर्गातली सगळ्यात धीट पोर. घर चकचकीत केलेलं, शास्त्र टेबलाच्या मधोमध, दौलतराव स्वच्छ सदऱ्यात. सासूबाई नेहमीप्रमाणे माझ्या उजव्या बाजूला बसल्या. त्यांचा डावा कान चांगला आहे. मी मनातल्या मनात कुजबुजले तर तो त्यांच्या उपयोगी पडतो.

बेबीनं डोळे मिटले.

"हे दयाळू बापा, आईची कंबर बरी कर. दादाला गणितात पास कर. आणि आमच्या बाबांचा खोकला बरा कर. त्यांना रोज संध्याकाळी खोकल्याचं औषध घ्यायला स्टेशनपलीकडच्या काकांकडे जावं लागतं, आणि येताना त्यांना आपला जिना सापडत नाही."

दौलतराव खोकले. बेबीला वाटलं, प्रार्थनेची निकड वाढली.

"बघ, प्रभू, आत्तासुद्धा आला! परवा तर ते खालच्या देसाईंच्या दारात बसून त्यांच्या कुत्र्याला दारूबंदीचं भाषण सांगत होते. त्यांना लवकर बरं कर. आमेन."

आमेन कुणी म्हणावं? मी खाली बघत होते. बेबीची आई भिंतीकडे बघत होती. शेवटी सासूबाई ठणठणीत आवाजात म्हणाल्या, "आमेन! असा खोकला फार वाईट हो, दौलतराव. माझ्या भावाला होता."

आम्ही जिना उतरलो. सासूबाई पदरात तोंड घालून इतक्या हसल्या, की त्यांना कठड्याला धरावं लागलं. मीही हसले. लग्न झाल्यापासून आम्ही दोघी एकत्र हसलो ती ही पहिलीच वेळ. चाळीच्या फाटकापर्यंत हसू टिकलं. मग त्यांना आठवलं.

"पोरं कशी सगळं बोलून मोकळी होतात," त्या म्हणाल्या. "तूच काय ती बोलत नाहीस."

*

पंचांची बैठक भरली. दौलतरावांनी ठराव मांडला. हा वर्ग म्हणजे निव्वळ सी. आय. डी. खातं आहे. मुलं घरात कान लावतात आणि देवाच्या नावावर बाईंना रिपोर्ट करतात. वर्ग बंद!

"पण बाईंनी कुणाला काही सांगितल्याचं ऐकिवात नाही," पाळकसाहेब म्हणाले.

"तेच तर!" दौलतराव म्हणाले. "सांगत नाहीत, म्हणजे साठवतात!"

खूप वादावादी झाल्यावर तोड निघाली. मुलानं आपल्या मनचं काही मागायचं नाही. आधी घरातल्या प्रत्येकाला विचारायचं, "तुमच्यासाठी काय मागू?" आणि तो सांगेल तेवढंच प्रार्थनेत म्हणायचं. शब्दाला शब्द. वर नाही, खाली नाही.

याचा परिणाम काय झाला असेल? पोर येऊन विचारणार आणि शनिवारी ते बाईंसमोर म्हणणार, हे कळल्यावर सगळी घरं सावध झाली. वडील म्हणाले, "जगात शांती नांदू दे." आई म्हणाली, "जगात शांती नांदू दे." आत्या म्हणाली, "यांचंच माझं." त्या दिवसांत मुलुंडमधून जगाच्या शांतीसाठी इतकी विनवणी झाली, की एवढ्यात कुठे लढाई व्हायला नको होती.

घरात मात्र भांडणं पूर्वीसारखीच चालू!

एका घरातल्या आजोबांनी तेवढं खरं सांगितलं. नात विचारायला गेली तर म्हणाले, "माझ्यासाठी काही मागू नकोस गं. मागितलं की मिळतं, आणि मिळालं की सांभाळावं लागतं."

*

याच सुमारास मी एक चूक केली. जुन्या साडीचा पडदा शिवायला घेतला.

"कुठल्या खिडकीला?" सासूबाईंनी विचारलं.

"आपल्या."

"आपल्या म्हणजे कुठल्या?"

"आपल्या म्हणजे... ह्या."

त्यांनी उठून पडदा खिडकीला लावून बघितला. दोन बोटं लांब भरला. "चेंबूरच्या खिडक्या मोठ्या असतील," एवढंच म्हणाल्या आणि आत गेल्या.

मी पडदा दोन बोटं दुमडून शिवला. त्याचाही उपयोग झाला नाही. "उसवला की लांब होतो," असं त्यांनी शेजारणीला सांगितलेलं मी ऐकलं.

त्या दिवसापासून त्यांनी माझ्या आमटीला नावं ठेवायचं सोडलं. मीठ जास्त झालं तरी गप्प, कमी झालं तरी गप्प. प्रार्थनेतही माझं नाव येईनासं झालं. टोमणा बंद झाला की घर किती मोठं वाटतं, हे मला तेव्हा कळलं. आमचं हे घरही एक खोली आणि स्वयंपाकघर एवढंच, पण एका टोकाची हाक दुसऱ्या टोकाला पोचेना!

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, "आईशी बोल ना मग."

बोलणं इतकं सोपं असतं तर मनातल्या मनात प्रार्थना कुणी केली असती?

*

आता शेवटची गोष्ट.

दौलतरावांचा राग गेला नव्हता. एका रविवारी उपासना सुटल्यावर भर हॉलमध्ये ते म्हणाले, "सगळ्यांची घरं झाली. बाईंचं घर राहिलं की! तिथे काय शिजतं तेही एकदा देवाला कळू दे!"

"आम्हाला मूल कुठे आहे?" हे म्हणाले.

"आमची बेबी देतो ना. ती येईल. आणि मी साक्षीला येईन."

मला वाटलं होतं, सासूबाई दौलतरावांना खोकल्याचं विचारतील. त्यांनी नुसता पदर सारखा केला.

शनिवारी संध्याकाळी बापलेक आले. दौलतराव खुर्चीत बसले, दाराकडे पाठ करून, म्हणजे सगळी खोली नजरेत राहील. बेबीनं दोन वेण्या घातल्या होत्या. तिनं आल्या आल्या काम सुरू केलं.

आधी ती गॅलरीत ह्यांच्याकडे गेली. हे तिच्या उंचीला वाकले, हळूच काहीतरी म्हणाले. तिनं मान डोलावली.

मग ती स्वयंपाकघरात सासूबाईंकडे गेली. तिथे बराच वेळ लागला. मला फक्त भांडी जागेवर ठेवल्याचा आवाज येत होता, आणि जी भांडी जागेवरच होती तीही त्या पुन्हा उचलून ठेवत होत्या. मग बेबीचा आवाज आला, "असं मागता येतं?"

"येतं," सासूबाई म्हणाल्या. "शब्दाला शब्द म्हण."

शेवटी ती माझ्याकडे आली. मी चटई अंथरत होते. सासूबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या, डावा कान माझ्याकडे करून. इतक्या महिन्यांची माझी मनातली प्रार्थना आज ऐकू येणार होती.

मी बेबीच्या कानात सांगितलं.

"एवढंच?" ती म्हणाली.

"एवढंच."

आम्ही बसलो. हे भिंतीशी, मी मध्ये, सासूबाई उजवीकडे. त्यांच्या हातातल्या बांगड्या किणकिणत होत्या. बेबीनं डोळे घट्ट मिटले.

"हे दयाळू बापा, मी शब्दाला शब्द सांगणार आहे. नंतर मला कुणी ओरडायचं नाही."

"सुरू कर," दौलतराव म्हणाले.

"काकांनी मागितलंय, चेंबूरची क्वार्टर मिळू दे. आणि तळमजल्यावरची मिळू दे, कारण आईचे गुडघे जिन्यानं दुखतात."

सासूबाईंच्या बांगड्या थांबल्या.

"आजींना विचारलं, तर त्या म्हणाल्या, माझ्या सुनेनं जे काही मागितलं असेल, त्याच्या बरोब्बर उलटं दे."

दौलतरावांच्या खुर्चीचा करकर आवाज झाला. ते पुढे वाकले असावेत. माझे कान तापले. हे एकदम ताठ बसलेले मला जाणवले.

"मग बाईंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, आईंनी जे काही मागितलं असेल, तेच दे."

खाली कुणीतरी नळाखाली बादली ठेवली, तेवढा आवाज आला. बेबी घोटाळली. तिच्या श्वासावरून कळत होतं, की ती हे सगळं मनात जुळवून बघते आहे आणि ते जुळत नाही.

"आता प्रभू," ती शेवटी म्हणाली, "उलटं द्यायचं की तेच द्यायचं, मला काही कळत नाही. तुलाही जरा जड जाईल. पण तू मोठा आहेस, तर बघ."

तिनं आमेन म्हणायला मोठा श्वास घेतला.

आमच्या घरात आमेनच्या आधी कुणी मध्ये बोललेलं नाही. मामंजी होते तेव्हापासून नाही. एकदा प्रार्थना चालू असताना दूध उतू जाऊन चूल विझली होती, तरी सासूबाई जागच्या हलल्या नव्हत्या, असं हे सांगतात.

"थांब गं, बेबी!" सासूबाई म्हणाल्या. डोळे मिटलेलेच होते. "आमेन म्हणू नकोस एवढ्यात. माझं बदलायचंय!"